एक्स-रे विभागातील कर्मचाऱ्यांना दूरशिक्षणाने प्रारण सुरक्षा शिकवताना

जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्य रुग्णालय, तिथे सीटी आणि कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी व उपचार एक्स-रेच्या मदतीने करण्याची खोली), तालुक्यांत दोन-तीन लहान एक्स-रे केंद्रे, आणि या सगळ्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना रेडिएशनपासून, म्हणजे प्रारणापासून, सुरक्षित कसे राहावे हे शिकवण्याचे काम एकाच माणसाकडे, अशी व्यवस्था आपल्याकडे अनेक संस्थांमध्ये आढळते. सगळ्यांना एका दिवशी एका सभागृहात बोलावले तर यंत्रे बंद ठेवावी लागतात आणि एकेका केंद्रावर स्वतः जायचे म्हटले तर वर्ष पुरत नाही. म्हणून दूरशिक्षणाचा मार्ग निवडला जातो. हे काम ज्यांच्याकडे नव्याने आले आहे अशा प्रारण सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी, म्हणजे आरएसओंसाठी, आणि त्यांना मदत करणाऱ्या वरिष्ठ तंत्रज्ञांसाठी हा लेख आहे. उदाहरणे निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्स-रे यंत्रांची घेतली आहेत, कारण बहुसंख्य कर्मचाऱ्यांचा संबंध त्यांच्याशीच येतो.

माझा पहिला प्रयत्न फसला होता, तो आधी सांगतो. दोन तासांचे ऑनलाइन व्याख्यान, इंग्रजी सरकचित्रे, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी आणि लगेच प्रमाणपत्र, असा तो घाट होता. हजेरी उत्तम लागली आणि चाचणीत सगळे उत्तीर्ण झाले. काही आठवड्यांनी एका केंद्रावर गेलो, तेव्हा टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेले प्रारण (डोस) मोजणारे बिल्ले, शिशाच्या संरक्षक एप्रनला अडकवलेले आणि एप्रन यंत्राच्या खोलीतच खुंटीला टांगलेले दिसले, म्हणजे बॅज माणसाऐवजी भिंतीचा डोस मोजत होते. ‘बॅज कुठे लावावा’ या प्रश्नाचे उत्तर त्याच मंडळींनी चाचणीत बरोबर दिले होते. तेव्हापासून पाठ तयार करताना मी आधी एकच गोष्ट ठरवतो: हा पाठ पाहिल्यावर हा माणूस उद्या सकाळी यंत्रापाशी उभा राहून कोणती कृती वेगळी करणार आहे? कृती सापडली नाही, तर तो पाठ काढून टाकतो.

पहिली पायरी: कायदा आणि मर्यादा समजून घेणे

भारतात या क्षेत्राचे नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, करते. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगर येथे आहे. प्रारण संरक्षणाच्या २००४ च्या नियमांनुसार संस्थाचालक आणि आरएसओ या दोघांवरही सुरक्षेच्या जबाबदाऱ्या आहेत, आणि कामगारांना धोक्याची व सुरक्षित कार्यपद्धतीची माहिती देणे हा त्यांचाच भाग आहे. यंत्राचा परवाना, आरएसओची मान्यता वगैरे व्यवहार ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीवर होतात. नियम आणि नमुने बदलत असतात, म्हणून जुन्या सहकाऱ्याकडून मिळालेल्या प्रतीवर विसंबू नये, मंडळाच्या संकेतस्थळावरची ताजी प्रतच उघडावी.

संस्थेने स्वतः चालवलेला दूरशिक्षणाचा वर्ग ही अंतर्गत व्यवस्था आहे, ही गोष्ट सुरुवातीलाच सर्वांना स्पष्ट सांगावी. त्या वर्गाचे प्रमाणपत्र मिळाले म्हणून कोणी आरएसओ होत नाही किंवा तंत्रज्ञाला लागणारी शैक्षणिक अर्हता भरून निघत नाही. त्यासाठीचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम वेगळे असतात.

दुसरी पायरी: कोणाला शिकवायचे याची यादी

यादी पगारपत्रकावरून न करता यंत्राजवळ उभे राहून करावी. एक दिवस कॅथलॅबमध्ये आणि एक दिवस सी-आर्म (शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचे, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे फिरते एक्स-रे यंत्र) वापरणाऱ्या ऑपरेशन थिएटरमध्ये बसून, एक्सपोजर सुरू असताना, म्हणजे यंत्रातून एक्स-रे निघत असताना, खोलीत कोण-कोण असते हे टिपून घ्यावे. तंत्रज्ञ तर असतातच, पण सिस्टर, भूलतज्ज्ञ, रुग्णाला टेबलावर घेणारे मामा, मध्येच ट्रॉली घेऊन येणाऱ्या मावशी आणि कधी कधी यंत्र दुरुस्तीला आलेला अभियंताही असतो. यांपैकी कितीतरी जणांना आजवर कोणी काहीच शिकवलेले नसते.

यातून साधारण तीन गट होतात. यंत्र स्वतः चालवणारे हा पहिला गट, यंत्र दुसरा चालवत असताना जवळ उभे राहणारे हा दुसरा, आणि खोलीत जाऊन-येऊन असणारे, यंत्र बंद असताना साफसफाई करणारे हा तिसरा. तिन्ही गटांना एकच पाठ दिला तर पहिला गट कंटाळतो आणि तिसरा घाबरतो. तिसऱ्या गटाला तीनच गोष्टी पक्क्या कळाव्यात: दारावरचा लाल दिवा लागलेला असताना आत जायचे नाही, दार उघडे ठेवायचे नाही, आणि यंत्र बंद असताना खोली इतर कोणत्याही खोलीसारखीच असते.

शेवटची गोष्ट दिसते तेवढी सोपी नाही. एक्स-रे काढून झाल्यावरही खोलीत ‘रेडिएशन राहते’, भिंतींना ते ‘चिकटते’, असे मानणारे लोक आजही भेटतात. यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. वर्तमानपत्री मराठीत सगळ्यालाच ‘किरणोत्सर्ग’ म्हणतात आणि तो शब्द ऐकला की अणुभट्टी आणि स्फोट डोळ्यांसमोर येतात. किरणोत्सर्गी पदार्थ आपणहून सतत प्रारण सोडत राहतो, त्याला बटण नसते. एक्स-रे नळीचे तसे नाही, वीजपुरवठा तुटला की त्या क्षणी प्रारण थांबते, दिवा मालवल्यावर उजेड थांबतो तसे. हा फरक पहिल्याच पाठात समजला की पुढची निम्मी भीती जाते, आणि भीती गेल्यावरच माणूस खऱ्या धोक्याकडे लक्ष देतो.

तिसरी पायरी: पाठ तयार करणे

दूरशिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी काम केले आहे. मुक्त शिक्षणातील स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांत एका वेळी एकच मुद्दा मांडतात, लगेच स्वतः करून पाहायचा प्रश्न देतात आणि मग पुढे जातात. आपण मोबाइलवर पाठ पाठवत असलो तरी ही रीत जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे.

प्रत्येक पाठ सहा ते आठ मिनिटांचा असावा. तो मराठीत आणि शक्यतो आपल्याच संस्थेच्या खोलीत, आपल्याच यंत्रावर चित्रित केलेला असावा. परदेशी चित्रफितीतल्या चकचकीत कॅथलॅबमधली छताला टांगलेली काच आपल्याकडे नसेल, तर ती पाहून आपला कर्मचारी ‘हे आपल्यासाठी नाही’ असे ठरवून टाकतो. चांगला मोबाइल आणि शांत खोली एवढ्यावर काम भागते. चित्रण करताना रुग्ण, त्याचे नाव, फिल्मवरील किंवा पडद्यावरील तपशील चौकटीत येणार नाहीत याची खात्री करावी, आणि चित्रणासाठी म्हणून कोणावरही एक्सपोजर देऊ नये. फाइल लहान ठेवावी, कारण तालुक्याच्या केंद्रावर नेटवर्क कसे असते हे वेगळे सांगायला नको. व्हॉट्सॲपवरून पाठ पाठवता येतात, पण हजेरी, चाचण्या आणि नोंदी त्यावर नीट राहत नाहीत. कर्मचारी पन्नासच्या वर असतील तर मूडलसारखी विनामूल्य शिक्षणप्रणाली बसवून घेणे परवडते. शिवाय प्रत्येक केंद्रावर त्याच पाठांची छापील पुस्तिका असावी. रात्रपाळीत वाचायला तीच हाताशी येते.

तांत्रिक शब्दांच्या बाबतीत अट्टहास करू नये. एप्रन, बॅज, एक्सपोजर, सी-आर्म, थायरॉईड कॉलर हे शब्द लोकांच्या तोंडी आहेत आणि ते तसेच ठेवावेत. व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची वैद्यकीय क्षेत्रासाठीची भित्तिपत्रके आणि ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध आहेत. शिकवणाऱ्याने ते आधी स्वतः पूर्ण करावेत आणि मग त्यांतला आशय आपल्या शब्दांत उतरवावा.

चौथी पायरी: अंतराचा नियम घरी करून पाहणे

वेळ कमी, अंतर जास्त आणि मध्ये आडोसा, ही त्रिसूत्री प्रत्येक जण पाठ म्हणतो. पाठ म्हणण्याने पाय मात्र मागे सरकत नाही. त्यासाठी मी एक प्रयोग घरी करायला देतो. प्रकाश मोजणारे एखादे विनामूल्य ॲप मोबाइलवर घ्यायचे, रात्री खोलीतला एकच उघडा बल्ब चालू ठेवायचा, त्यापासून अर्धा मीटर, एक मीटर आणि दोन मीटर अंतरावर मोजमाप घ्यायचे आणि तिन्ही आकडे गटावर पाठवायचे. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होईल असा बहुतेकांचा अंदाज असतो, पण तो जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि अंतर तिप्पट केले तर नवव्या.

आकडे नेमके चौथ्या हिश्श्याचे येत नाहीत, थोडे जास्तच येतात, आणि खरी चर्चा तिथूनच सुरू होते. भिंतींवरून, छतावरून उजेड परततो म्हणून तसे होते. पुढच्या थेट वर्गात हेच रुग्णाला लागू करायचे. मुख्य शलाका, म्हणजे नळीतून निघणारा एक्स-रेचा झोत, रुग्णावर पडते तेव्हा रुग्णाचे शरीर जणू बल्ब बनते आणि त्याच्यातून चहूकडे विखुरलेले प्रारण निघते. कर्मचाऱ्याला मिळणारा डोस बहुतांशी या विखुरलेल्या प्रारणाचा असतो. म्हणून सी-आर्म चालू असताना ज्याला रुग्णाला हात लावायचा नाही त्याने दोन पावले मागे घेतली तर काहीही खर्च न होता डोस कितीतरी उतरतो.

सी-आर्मच्या बाबतीत एक बारकावा अवश्य शिकवावा. रुग्णाच्या ज्या बाजूने शलाका आत शिरते, म्हणजे नळीच्या बाजूला, विखुरलेले प्रारण सर्वांत जास्त असते. नळी टेबलाखाली ठेवली तर ते पायांकडे जाते, वर ठेवली तर चेहऱ्याकडे आणि डोळ्यांकडे येते. आडवी प्रतिमा घेताना नळीच्या बाजूला उभे न राहता डिटेक्टरच्या, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या भागाच्या, बाजूला उभे राहावे. हे शब्दांत कितीही सांगितले तरी विसरले जाते, म्हणून मी खोलीचा कोरा नकाशा पाठवतो आणि प्रत्येकाला आपली उभे राहण्याची जागा पेनाने दाखवून त्याचा फोटो परत पाठवायला सांगतो. त्या फोटोंवरून मला जेवढे कळते तेवढे चाचणीच्या गुणांवरून कधी कळलेले नाही.

पाचवी पायरी: बॅज, एप्रन आणि आकडे

बॅज म्हणजे ताईत नव्हे. तो काहीही अडवत नाही, फक्त मोजतो. आतल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या मिळालेल्या प्रारणाची ऊर्जा साठवून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्यावर ती प्रकाशरूपाने बाहेर टाकतात, त्यावरून डोस काढला जातो. बॅज छातीच्या पातळीवर, एप्रनच्या आत लावायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, स्वतःचा एक्स-रे काढून घेताना काढून ठेवायचा, आणि काम संपल्यावर रेडिएशन नसलेल्या जागी, कंट्रोल बॅजसोबत (कोणीही न वापरता तुलनेसाठी ठेवलेल्या बॅजसोबत) ठेवायचा. सर्वसाधारणपणे तो दर तीन महिन्यांनी बदलला जातो. घरी नेला की तो खिशासह धुतला जातो, ही तक्रार सगळीकडची आहे.

एप्रनची घडी घालू नये, कारण घडीच्या जागी आतल्या थराला तडे जातात. तो रुंद हँगरवर टांगावा. एप्रनवर ०.२५ किंवा ०.५ मिलीमीटर शिशाच्या तोडीचा असे लिहिलेले असते. ती चिठ्ठी शोधून तिचा फोटो पाठवा, हा सोपा गृहपाठ द्यावा, म्हणजे कोणत्या केंद्रावरचे एप्रन चिठ्ठी पुसण्याइतके जुने झाले आहेत ते आपोआप उघड होते. तडे मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी ठरावीक काळाने एप्रन फ्लुरोस्कोपीखाली (पडद्यावर सलग दिसणाऱ्या एक्स-रे प्रतिमेत) किंवा एक्स-रे काढून तपासावे लागतात.

आकडे थोडेच सांगावेत, पण संदर्भासह. प्रारणकामगारासाठी पाच सलग वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (मिलीसिव्हर्ट हे डोस मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलीसिव्हर्ट ही एईआरबीची मर्यादा आहे, तर सर्वसामान्य माणसासाठी ती वर्षाला १ मिलीसिव्हर्ट आहे. निसर्गातूनच जगातल्या माणसाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात आणि छातीच्या एका एक्स-रेचा डोस ०.१ मिलीसिव्हर्टच्या आतबाहेर असतो, हे सोबत सांगितले म्हणजे २० हा आकडा अधांतरी राहत नाही. मर्यादा म्हणजे खर्च करायला मिळालेली शिधावाटपाची रक्कम नव्हे, डोस त्यापेक्षा शक्य तितका खालीच ठेवायचा असतो, हेही सांगावे लागते. डोळ्यांच्या भिंगाविषयी कॅथलॅबच्या मंडळींशी वेगळे बोलावे. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने २०११ साली भिंगासाठीची शिफारस वर्षाला १५० वरून सरासरी २० मिलीसिव्हर्टवर आणली, कारण मोतीबिंदू पूर्वी वाटत होते त्याहून कमी डोसनेही होतो असे दिसून आले.

गरोदरपणाचा विषय सामूहिक वर्गात एका वाक्यात उरकू नये आणि कोणाला उद्देशूनही बोलू नये. नियम सर्वांना सांगावा: गरोदर असल्याचे कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला मिळणारा डोस १ मिलीसिव्हर्टच्या आत राहील अशी कामाची आखणी संस्थेने करायची असते. आपल्याकडे पहिले तीन महिने ही बातमी घराबाहेर न सांगण्याची रीत आहे, आणि सर्वांत जपायचा काळही नेमका तोच असतो. म्हणून कोणाकडे, कोणत्या क्रमांकावर, गुप्तपणे कळवायचे हे पाठातच लिहून द्यावे, आणि ती व्यक्ती शक्यतो स्त्री असावी. कळवले म्हणून नोकरी जाणार नाही, हे संस्थाचालकांच्या सहीने दिलेले असेल तरच लोक विश्वास ठेवतात.

सहावी पायरी: थेट वर्ग आणि प्रत्यक्ष भेट

पंधरवड्यातून एकदा चाळीस मिनिटांचा थेट वर्ग पुरेसा होतो. पाळी बदलण्याच्या वेळेला लागून, एकच वर्ग दोनदा घ्यावा आणि तो कामाच्या वेळेत धरावा. रजेच्या दिवशी घेतलेल्या सुरक्षेच्या वर्गाला लोक शिक्षा समजतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. प्रत्येक केंद्रावर एक जुना तंत्रज्ञ किंवा सिस्टर मदतनीस म्हणून नेमावी. ज्यांना ऑनलाइन बोलायचा संकोच वाटतो ते त्यांच्याकडे मोकळेपणाने बोलतात.

प्रत्यक्ष भेटीला मात्र पर्याय नाही. दूरशिक्षणातून समज पोहोचते, सवय लागली की नाही ते जागेवरच दिसते. प्रत्येक केंद्रासाठी वर्षात किमान एक दिवस राखून ठेवावा आणि त्या दिवशी व्याख्यान न देता फक्त पाहावे. तंत्रज्ञ शलाका हव्या तेवढ्या भागापुरती आखडतो का? दार लावून घेतो का? रडणाऱ्या मुलाला धरण्याची वेळ आली की दर वेळी तोच मामा पुढे होतो, की एप्रन घालून नातेवाईक धरतो? गरोदर आईला धरायला सांगितले जात नाही ना? जे दिसेल ते वहीत लिहून त्याच दिवशी, सर्वांसमोर अपमान न करता, संबंधितांना दाखवावे.

ज्या ठिकाणी किरणोत्सर्गी स्रोत हाताळले जातात, उदाहरणार्थ औद्योगिक रेडिओग्राफी किंवा कोबाल्ट उपचारयंत्र, तिथे दूरशिक्षणाचा वाटा आणखी मर्यादित ठेवावा. स्रोत अडकला तर काय करायचे हे पडद्यावर पाहून येत नाही, त्यासाठी नकली स्रोतावर, सर्व्हे मीटर (जागेवरचे प्रारण मोजणारे यंत्र) हातात घेऊन रंगीत तालीम करावी लागते. अज्ञानाची किंमत काय असते हे २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत दिसले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले वापराबाहेर गेलेले कोबाल्ट-६० चे उपकरण भंगारात गेले, दुकानात त्याचे तुकडे झाले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर काही जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. हे उदाहरण भांडारपाल आणि लेखा विभागातील लोकांनाही शिकवावे, कारण जुनी यंत्रसामग्री विकायचा कागद त्यांच्या टेबलावरून जातो.

सातवी पायरी: परीक्षा आणि नोंदी

परीक्षेत व्याख्या विचारू नयेत, प्रसंग द्यावेत. ‘तुमचा बॅज काल रात्री यंत्राच्या खोलीत राहिला, आज सकाळी सापडला, आता काय कराल?’ या प्रश्नाचे उत्तर इंटरनेटवर सापडत नाही. उत्तर असे की लगेच आरएसओला कळवायचे आणि त्याची लेखी नोंद करायची. लपवले तर तीन महिन्यांनी जास्तीचा डोस अहवालात येतो आणि चौकशीच्या वेळी कोणालाच काही आठवत नाही. पाच मिनिटांची तोंडी परीक्षा व्हिडिओ कॉलवर घेतली तर चाचणी कोणी दुसऱ्यानेच दिली का, हेही कळते. नापास झालेल्याला तोच पाठ पुन्हा न पाठवता मदतनिसाबरोबर यंत्रापाशी बसवावे.

नोंदवहीत कर्मचाऱ्याचे नाव, गट, पाठाचा विषय, दिनांक, परीक्षेचा निकाल, प्रत्यक्ष निरीक्षणाचा दिनांक आणि कर्मचारी व निरीक्षण करणारा अशा दोघांच्या सह्या असाव्यात. ही माहिती डोसच्या नोंदींशेजारीच ठेवावी. डोस अहवाल आला की तो प्रत्येकाला स्वतंत्रपणे दाखवावा, आणि शून्य डोस पाहून लगेच समाधान मानू नये. कॅथलॅबमध्ये रोज उभे राहणाऱ्याचा डोस सतत शून्य येत असेल, तर बॅज कपाटात तर नाही ना, हे आधी पाहावे.

उजळणी वर्षातून एकदा ठेवावी. नवे यंत्र आले, खोली बदलली किंवा एखादा कर्मचारी दुसऱ्या विभागातून आला, तर वर्ष पुरे होण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात पहिला पाठ द्यावा. नोकरी सोडून जाणाऱ्याला त्याच्या डोसच्या नोंदीची प्रत हाती द्यावी, आणि नव्याने येणाऱ्याकडून त्याच्या आधीच्या संस्थेतील नोंद मागून घ्यावी, कारण पाच वर्षांची बेरीज माणसाच्या नावावर चालते, संस्थेच्या नाही.